हलक्या गाडीचा नाद

हिंगोली जिल्ह्यात शर्यतीचा ट्रॅक नाही, स्पोर्ट्स कारची शोरूम नाही, आणि बारकी गाडी घेऊन आलेल्या माणसाला "बाकीचे काय टपावर बसणार?" असे विचारणारे शेजारी मात्र गल्लोगल्ली आहेत. गाडी इथे माणसाची ऐपत सांगते. पंचायत समितीपासून आमदारकीपर्यंतच्या वाटेवर गाडीची उंची वाढत जाते आणि लग्नाच्या मांडवापुढे पांढऱ्या स्कॉर्पिओ-फॉर्च्युनरची रांग किती लांब लागली यावरून यजमानाचा वट ठरतो. अशा मुलखात कुणी वीस-पंचवीस वर्षांची मारुती झेन विकत घेतो, पगारातून पैसे बाजूला काढून तिचे इंजिन बांधून घेतो, गंज घासून पत्रा बसवतो आणि तिला पुन्हा मूळ रंगात आणतो, तेव्हा लोक समजतात की याला नवी परवडली नसणार. ज्याला नवी सहज परवडते त्याने हेच केले, तर त्याच्या डोक्यात काहीतरी फिरले म्हणतात. दोन्ही निदानांच्या मुळाशी एकच समजूत आहे: लहान जुनी गाडी म्हणजे मोठी नवी घेता आली नाही म्हणून घेतलेली वस्तू. मला ही समजूत चुकीची वाटते. गाडीकडून चालवण्याचा आनंद मागायचा असेल, तर आपल्या रस्त्यांवर, आपल्या कायद्यात आणि आपल्या खिशात तो देणारी गाडी लहान, हलकी आणि बहुतेक वेळा जुनीच निघते. शिवाय ती तयार मिळत नाही. कुणाच्या तरी घरगुती गाडीतून ती हुडकून, दुरुस्त करून, बाहेर काढावी लागते, आणि या नादातला निम्मा खेळ त्या बाहेर काढण्यातच असतो.

आधी वजनाचे बघू, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. १९९३ मध्ये आलेल्या झेनचे इंजिन ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे, ताकद ५० अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या जाहिरातींच्या तुलनेत हा आकडा हसण्यासारखा आहे. पण गाडीचे वजन साधारण साडेसातशे किलो. २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या स्कॉर्पिओची ताकद झेनच्या दुप्पट होती, वजनही दुपटीहून अधिक. हिशेब तिथल्या तिथेच राहिला. फरक पडला तो वळणावर आणि ब्रेकवर. ताकद वाढवली की गाडी फक्त पळायला जोरकस होते. वजन उतरवले तर ती पळायला, थांबायला आणि वळायला, तिन्हीकडे हलकी होते, टायर कमी झिजतात आणि पेट्रोलही कमी लागते. जुन्या झेनला पॉवर स्टिअरिंग नव्हते, टायर अरुंद होते, चालकाची बैठक जमिनीपासून हातभर वर. त्यामुळे रस्त्यावर काय चालले आहे हे हाताला आणि कमरेला थेट कळते, आणि ताशी ६० किलोमीटरला जे कळते ते उंच, जड, गादीसारख्या गाडीत शंभरलाही कळत नाही. वेगाचा आनंद काट्यावरच्या आकड्यात शोधणाऱ्यांची इथेच फसगत होते. शंभरच्या पुढे आनंद वाढो न वाढो, धोका मात्र नक्की वाढतो.

हिंगोलीच्या रस्त्यांनी तर हा मुद्दा आणखी पक्का केला आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद आणि सरळ आहे. तिथे कुठलीही गाडी कशीही पळते, आणि चालवणाऱ्याला जागे राहण्यापलीकडे फारसे काम नसते. गाडीची आणि चालकाची परीक्षा होते ती आतल्या रस्त्यांवर, औंढा नागनाथच्या बाजूचे चढउतार, सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांकडे जाणारी वळणे, सेनगावकडचे अरुंद डांबर इथे. त्यात खालची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून आज केलेले डांबर दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखे होते. अशा रस्त्यावर जो खड्डा मोठ्या गाडीला अंगावर घ्यावा लागतो तो लहान गाडीला चुकवता येतो. रुंदी कमी, चाकांमधले अंतर कमी, वळण आखूड. समोरून उसाची ट्रॉली आली तरी एक चाक साइडपट्टीवर उतरवून निघून जाता येते. स्पोर्ट्स कार हा शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या गाड्यांपैकी एकही इथे पहिल्या गतिरोधकाच्या पुढे जाणार नाही.

जगातही लहान गाडीचा हा मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्यापासून फार लांबचा नाही. १९५९ ची ब्रिटिश मिनी पेट्रोलटंचाईच्या काळात काटकसरीची गाडी म्हणून जन्मली, आणि १९६४, १९६५, १९६७ अशा तीन वेळा तिने माँटे कार्लो रॅली जिंकली. जपानने १९९१ मध्ये सुझुकी कापुचिनो ही दोन माणसांची उघडी गाडी काढली. इंजिन अवघे ६५७ सीसीचे, तीन सिलिंडरचे, टर्बो लावलेले. जगभरचे शौकीन आज तिच्यासाठी पदरचे पैसे मोजतात. तिचे ते पहिले इंजिन आणि आपल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन ही दोन्ही सुझुकीच्या एकाच कुळातली. म्हणजे ज्या गाडीतून आपल्याकडच्या अर्ध्या मध्यमवर्गाने शिर्डी आणि माहूर केले, तिच्या चुलत घराण्यात अस्सल स्पोर्ट्स कार होती. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी हे ओळखले होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ८०० चे इंजिन घेऊन एका आसनाची शर्यतीची गाडी उभी केली, फॉर्म्युला मारुती. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, शर्यती शिकला तो याच फॉर्म्युला मारुतीत. नाशिकच्या परिसरात होणाऱ्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या स्पर्धांतही वर्षानुवर्षे धूळ उडवली ती एस्टीम, जिप्सी, बलेनो अशा गाड्यांनी, ज्यांची भावंडे तेव्हा डॉक्टरांच्या आणि तहसीलदारांच्या दारात उभी असत.

उलट, निव्वळ मजेसाठी गाडी काढण्याचा प्रयत्नही आपल्याकडे झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी तयार होऊ लागली. दोन आसने, फायबरची बॉडी, उघडता येणारे टप, रेनोचे १.२ लिटरचे इंजिन. दिसायला देखणी, आणि विकली गेली फारच थोडी. कारण उघड आहे. आपल्याकडे गाडी घेताना आई, मावशी, दोन मुले आणि गव्हाचे पोते एवढे सगळे मनातल्या मनात आधीच बसवून पाहिलेले असते. त्या हिशेबात दोन आसने बसत नाहीत. म्हणून भारतातली चपळ गाडी नेहमी कुटुंबाच्या गाडीच्या पोटात लपूनच आली. पाच दारांची झेन, सचिन तेंडुलकरच्या जाहिरातींसह २००१ मध्ये आलेली १०० अश्वशक्तीची पॅलिओ १.६, २००५ ची स्विफ्ट, चाकणला बनलेली पोलो जीटी, रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. घेताना घरच्यांना सांगायचे की डिकी मोठी आहे, ॲव्हरेज चांगले आहे. आपल्यापुरते माहीत असते की दुसऱ्या गिअरमध्ये ही काय चीज आहे.

हा शौक पुण्या-मुंबईकडून उसना आला, खेड्याच्या मातीत त्याला मूळ नाही, असे म्हणणारे असतात. त्यांनी एकदा शंकरपटाच्या जागी जाऊन यावे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढ्या वर्षांच्या बंदीतही सगळ्यांनीच पटाचे बैल विकून टाकले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठवाडा हा लाल कंधारी आणि देवणी या भारदस्त, कामाच्या जातींचा मुलूख. तरी पटासाठी माणसे खिलार हुडकत फिरतात. सडपातळ, लांब पायांचा, तापट. पटासाठी राखलेला बैल नांगराला जुंपायचा नसतो हे घेणाऱ्याला ठाऊक असते. त्याचे खूर, त्याचा खुराक, त्याची मालिश यांवर होणारा खर्च कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि गावात त्याला कुणी वेडा म्हणत नाही. आकारापेक्षा चाल पाहणारी, वजनापेक्षा चपळाई जोखणारी नजर इथे पिढ्यान्पिढ्या आहे. ती नजर गोठ्यातून गॅरेजकडे वळली, तर त्यात परके काय?

ही नजर कामाला लागते ती गाडी घेताना. जुनी गाडी विकणारा नेहमी इंजिन आधीच गरम करून ठेवतो, म्हणून जाणता माणूस पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवतो. गरम लागले तर चहा प्यायला बसतो आणि गार झाल्याशिवाय चावी मागत नाही. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसे उठते, उठल्यावर टॅपेट किती वाजतात, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, यात अर्धी कुंडली असते. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, ऑइल जळते आहे. काळा म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतो आहे, हे स्वस्तात सुटते. ऑइलचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर दिसला की ऑइलमध्ये पाणी मिसळले असण्याचा संशय घ्यायचा, आणि हेड गॅस्केटचा खर्च किमतीतून वळता करायचा. मग लोहचुंबक. रुमालात गुंडाळून तो दारावरून, मडगार्डवरून फिरवायचा; जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळतात का ते बघायचे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि क्लचच्या पॅडलचे रबर पार गुळगुळीत, असे असेल तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवायचा. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खाली पाणी साचल्याच्या खुणा शोधायच्या. शेवटी आरसी हातात घेऊन चेसिस नंबरवर कागद ठेवायचा आणि पेन्सिल घासून ठसा काढायचा. आरटीओत पासिंगला लागतो तसाच. आकडा जुळला तरच पुढची बोलणी.

आरसीवरचा क्रमांकही थोडा इतिहास सांगतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधी इथल्या माणसाने घेतलेली झेन एमएच-२२ असते आणि एमएच-३८ ची गाडी त्यानंतरचीच. कळमनुरीत उभी असलेली एमएच-२२ क्रमांकाची गाडी पाहून ती बाहेरची आहे असे समजणारा दलाल कच्चा म्हणायचा. दिल्लीहून आलेल्या गाड्यांचे प्रकरण वेगळे. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातल्यापासून चांगल्या स्थितीतल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या, आणि त्यांतल्या कित्येक महाराष्ट्रात उतरल्या. पण एनओसी, इथला कर, नवा क्रमांक हे सगळे बारा महिन्यांच्या आत उरकायचे असते, आणि ते धरले की स्वस्ताई पुष्कळशी विरते. हौशी माणूस हा हिशेब आधी करतो. नुसता भाव पाहून भुलणारा मग परराज्याच्या पाटीची गाडी लपवत फिरतो.

पुढचा प्रश्न असा की इथे झेनच का, पॅलिओ का नाही? चालवायला पॅलिओ १.६ उजवी आहे, याबद्दल दोन्ही चालवलेल्यांत फारसा वाद होत नाही. पण पॅलिओ बनली कुर्ल्यात आणि नंतर रांजणगावला, आणि २०२० च्या आधीच फियाटने भारतातला गाशा गुंडाळला. तिच्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ओळखी लागतात, पुण्यात एखादा जाणता मिस्त्री लागतो आणि पार्सलची वाट बघण्याचा धीर लागतो. झेनची क्लच प्लेट, ब्रेक शू, बॉल जॉइंट मात्र नांदेडच्या दुकानात फळीवर पडलेले असतात, आणि नसले तर दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने येतात. माणूस कुठल्या गाडीच्या प्रेमात पडतो हे त्याला वाटते तेवढे त्याच्या हातात नसते. सुट्या भागांचे दुकान जिथवर आहे तिथवरच नाद पोचतो. मोठ्या शहरातला शौकीन दुर्मीळ गाडी मिरवतो. तालुक्याच्या गावातला शौकीन सर्वांकडे असलेली गाडी अशी ठेवतो की ती इतरांच्या गाडीसारखी चालत नाही. मला दुसऱ्याचे काम अधिक अवघड वाटते, कारण दुर्मीळपणाची झळाळी त्याच्या मदतीला नसते.

हे काम कसे चालते, याचा एक नमुना कार्बोरेटरचा. जुन्या झेनच्या कार्बोरेटरमध्ये पितळेचे जेट असतात, करंगळीच्या नखाहून लहान, मधोमध सुईसारखे छिद्र. त्या छिद्रातून किती पेट्रोल जाते यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. टाकीतला कचरा तिथे अडकला की गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम धरते आणि मग झटका देते. घाईतला मिस्त्री छिद्रात तार घालतो. कचरा निघतो, पण पितळ मऊ असल्याने छिद्र केसभर मोठे होते, आणि त्या दिवसापासून गाडी जास्त पेट्रोल पिते. मालक मग आयुष्यभर इंजिनाला दोष देतो. जाणता मिस्त्री जेट काढून पेट्रोलमध्ये भिजत ठेवतो आणि हवेच्या दाबाने फुंकतो, तार हातात घेत नाही. या एवढ्याशा संयमात गाडीची दहा वर्षे असतात. खर्चाचा क्रमही असाच आहे. नवखा आधी इंजिनाला हात घालतो. जुना खेळाडू पैसे आधी टायरवर घालतो, मग ब्रेकवर, मग बुश आणि शॉकॲब्जॉर्बरवर. वीस वर्षांत कडक झालेली, चिरलेली बुशची रबरे बदलली की तीच गाडी वळणावर अशी धरून चालते की ताकद वाढवण्याची गरज उरत नाही. आता नव्या गाड्यांत हे काही शिल्लक राहिले नाही, सगळे कॉम्प्युटरवर गेले, असा गळा काढला जातो. मला तो पुरता पटत नाही. इंजेक्शनची झेन तर २००० च्या आसपासच आली, आणि आज फोनला जोडता येणारा स्कॅनर टायरपेक्षा स्वस्त मिळतो. बदलले आहे ते एवढेच, की कानाने ओळखायचे काही रोग आता आकड्यांत वाचावे लागतात.

या नादाला बदनाम केले आहे ते सायलेन्सर फोडून फिरणाऱ्या पोरांनी. रात्री अकराला बसस्टँडवरून फटाके वाजवत जाणाऱ्या गाडीमुळे लोक सगळ्याच शौकिनांना एका दावणीला बांधतात, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. पण कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूलभूत बदल करायला मनाई करते, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितले. या निकालाने हौसेचा गळा घोटला, अशी तक्रार कानावर येते. मला तर हा निकाल खऱ्या शौकिनाच्या बाजूचा वाटतो. ज्याने रबरे बदलली, जेट साफ केला, टॅपेट नीट लावले, मूळ रंग शोधून मारला, त्याने काय फेरफार केला? त्याने गाडीला कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या जवळ नेऊन ठेवले. आवाज मोठा करणाऱ्याला लोकांनी वळून पाहायला हवे असते. हे पुन्हा मोठेपणाचेच सोंग, फक्त फॉर्च्युनरचे पैसे नसलेल्याचे.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र असा झटकता येणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लहान गाड्या धडकवून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो. पाचही शून्यावर बाद झाल्या. झेन त्यांच्याहून जुनी आहे; तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि ज्या हलकेपणाचे गोडवे वर गायले तोच हलकेपणा ट्रकशी गाठ पडल्यावर शत्रू होतो. यावर "चालवणारा नीट असला की झाले" हे उत्तर खोटे आहे, कारण समोरचा नीट असेलच असे नाही. खरे उत्तर मर्यादेचे आहे. अशी गाडी घरातली एकमेव गाडी असू नये, लेकराबाळांना घेऊन रात्रीच्या महामार्गावर ती काढू नये, आणि तिचे ब्रेक व टायर यांत एक रुपयाची काटकसर करू नये. एवढे पाळूनही काही धोका उरतो. तो दुचाकीवाल्यापेक्षा कमी असतो, आणि या जिल्ह्यात बहुतेक कुटुंबे अजून दुचाकीवरच फिरतात, हेही त्याच तराजूत टाकावे लागते. तरी धोका उरतोच, आणि ज्याला तो नको त्याने या वाटेला जाऊ नये.

प्रदूषणाच्या आक्षेपात तथ्य किती आणि सरकारी सोय किती, हे निवडावे लागते. कार्बोरेटरची गाडी आजच्या बीएस-६ गाडीपेक्षा दर किलोमीटरला कितीतरी जास्त घाण सोडते, हे निर्विवाद आहे. पण ती वर्षाला किती किलोमीटर चालते? रविवारी औंढ्याला जाऊन येणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर काळा धूर ओकणारी काळीपिवळी यांना एकाच वयाच्या फूटपट्टीने मोजणे हा आळस आहे. दिल्लीच्या हवेत वयाची मर्यादा घालण्यामागे निदान निकड तरी होती. इथे कयाधू नदीच्या काठी तीच निकड दाखवता येत नाही. तपासायची ती स्थिती, आणि तपासायला पीयूसी आहे, फिटनेस आहे. ती तपासणी चोख होते का, हा खरा प्रश्न. त्याऐवजी सरकारने दर चढवले. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला पूर्वी ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. यात भर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, चिरतात, आणि चिरलेल्या पाइपमधून इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल ही आगीची तयारी असते. उसाच्या मुलखातल्या माणसाने इथेनॉलला नावे ठेवावीत हे अवघड आहे, म्हणून तो गुपचूप पाइप बदलतो.

राहिला पैशाचा प्रश्न. सोयाबीनचा भाव पडला की ज्या जिल्ह्यात लग्ने पुढे ढकलली जातात, तिथे जुन्या गाडीचे हे लाड शोभतात का? हा प्रश्न विचारणारे लोक हळदीच्या पैशातून नव्या एसयूव्हीचे सात वर्षांचे हप्ते बांधणाऱ्याला तो विचारत नाहीत, एवढे सांगून थांबता येईल. पण हिशेबही मांडता येतो. नव्या दुचाकीच्या किमतीत बऱ्यापैकी झेन अजून मिळते. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ रुपये. उतरायची ती किंमत केव्हाच उतरलेली असते, त्यामुळे पाच वर्षांनी विकली तरी फारसा तोटा नाही. आणि दुरुस्तीचा रुपया गावातल्या मिस्त्रीकडे, लेथवाल्याकडे, पेंटरकडे जातो; नव्या गाडीचा पहिला मोठा वाटा बँकेकडे आणि कंपनीकडे. हौसेला मोल नसते हे खरे, पण या हौसेचे मोल तुलनेने बरेच कमी आहे.

आता या नादाचा पुढचा प्रवास झेनवर फार काळ चालणार नाही. २००६ मध्ये ती बंद झाली, आणि चांगल्या पत्र्याच्या गाड्या आता हुडकाव्या लागतात. २००३ मध्ये मोजक्या निघालेल्या तीन दारांच्या कार्बन आणि स्टील या झेनचे तर भाव आत्ताच वेडे झाले आहेत. तिची जागा घ्यायला २००५ ची स्विफ्ट रांगेत उभी आहे. १.३ लिटरचे तेच जुन्या घराण्यातले इंजिन, ८७ अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास. खेड्यापाड्यांत गाडीमागे गाडी विकली गेल्याने सुटे भाग मुबलक आणि तिला न ओळखणारा मिस्त्री विरळा. तिच्या पहिल्या खेपेने वीस वर्षे ओलांडली, म्हणजे दहा हजारांच्या नोंदणी शुल्काच्या रांगेत तीही आली, आणि कित्येक मालक नव्या खर्चाऐवजी गाडी देऊन टाकायच्या विचारात असतील. घेणाऱ्याने टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारावे, मागच्या चाकांच्या कमानीत बोट घालून गंज चाचपावा, आणि मालकाने मागितलेल्या पहिल्या आकड्याला लगेच हो म्हणू नये.